बंद वॉर्डातला होकार

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोकण किनाऱ्यावरच्या एका धर्मादाय न्यासाच्या मानसोपचार केंद्रातलं आहे. केंद्राचं नाव, गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत. मी संशोधन गटात मानसशास्त्रज्ञ म्हणून होते. पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या बहुतेक आमच्या गटाच्या आहेत, काही थेट माझ्या.

केंद्रात दोन बंद वॉर्ड आहेत, एक पुरुषांचा, एक बायकांचा. बंद म्हणजे जिन्याच्या तोंडाशी लोखंडी ग्रिल, ग्रिलला कुलूप आणि किल्ली ड्युटीवरच्या मामांच्या किंवा मावशींच्या, म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसांच्या, कमरेला. त्या वेळी दोन्ही वॉर्डांत मिळून ३१ जण होते. काहींना घरच्यांनी आणून सोडलं होतं. काही एसटी स्टँडवर, जेटीवर, रेल्वे स्टेशनवर भटकताना पोलिसांना सापडले आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने आले. स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्यांना दाखल करून ठेवण्याला मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, २०१७ साली, मुदती घातल्या आहेत: पहिले ३० दिवस, मग फार तर ९०, मग १२०, मग १८०. ज्याला न्यायला कुणी येत नाही, त्याच्या बाबतीत तो आकडा नुसता पुढे सरकत राहतो. इथे काहींची वर्षं अशी सरकली होती.

आम्हाला तपासून पाहायचा होता आठ बैठकांचा एक गटोपचार. त्यामागचा विचार सोपा आहे. माणूस उदास झाला की त्याची कामं सुटतात आणि कामं सुटली की तो आणखी उदास होतो. या चक्रात कृतीच्या बाजूने शिरायचं, एक छोटं, मनाला जवळचं काम पुन्हा हातात घ्यायचं. शेजारच्या गोव्यात याच विचारावर उभ्या असलेल्या 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम'ची मोठी चाचणी झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा रुग्णांच्या घरी, प्रशिक्षण दिलेल्या पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या, आणि २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये तिचे आशादायक निष्कर्ष छापून आले. पण तिथली माणसं आपापल्या घरी राहणारी, आपल्या पायांनी हवं तिथे जाणारी-येणारी होती. कुलपाआडच्या माणसांना यातलं काय लागू पडतं, हा आमचा प्रश्न होता.

अडचण कशी दिसली

आमच्या प्रस्तावात सहभागासाठी तीन अटी होत्या. मराठी लिहिता-वाचता यायला हवं, आजार बऱ्यापैकी स्थिर हवा, आणि संमतीपत्रावर रुग्णाबरोबर एका नातेवाइकाची सही हवी. संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या एथिक्स कमिटीने प्रस्ताव मंजूर केला. आम्ही यादी घेऊन बसलो तेव्हा ३१ पैकी ९ नावं उरली.

उरलेल्या २२ जणांची यादी मी त्या दिवशी घरी नेली. आजार फार तीव्र होता म्हणून गळलेले त्यांत थोडेच. बाकीचे गळले ते सही करता येत नव्हती म्हणून, नाहीतर सहीला येणारं कुणी नव्हतं म्हणून. ट्रॉलरवरचे खलाशी, आंब्याच्या बागेत राखणीला आलेले, कोळशाच्या भट्टीवरून आलेल्या दोन कातकरी बायका, नवऱ्याने टाकलेल्या तिघी, आणि जिच्या केसपेपरवर गावाच्या जागी नुसती रेघ होती अशी एक आजी. केंद्रात सगळ्यात जास्त काळ राहिलेली माणसं हीच. ज्यांच्यासाठी हा उपचार बंद वॉर्डात आणायचा म्हणत होतो, त्यांनाच आमच्या अटींनी दाराबाहेर ठेवलं होतं.

त्यांतला एक पुरुषांच्या वॉर्डातला खलाशी. केसपेपरवर लिहिलं होतं, 'बहादूर, वय अंदाजे ३५, नेपाळी, बोलत नाही'. आपल्याकडे बंदरात आणि बागांत नेपाळहून आलेल्या प्रत्येकाला सर्रास बहादूर म्हणतात. भारत-नेपाळ यांच्यातल्या १९५० च्या करारामुळे सीमा ओलांडायला पासपोर्ट लागत नाही, त्यामुळे कागदपत्रं जवळ नसतातच. तो पावसाळ्याच्या तोंडावर जेटीवर सापडला होता. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढल्या जातात, खलाशी गावाला निघतात. हा निघाला नव्हता. चार वर्षांत त्याच्याशी त्याच्या भाषेत कुणी बोललेलं नव्हतं. पुरुष वॉर्डातले सिंधुदुर्गाकडचे एक मामा मला सरळ मनाने म्हणाले, "तेका इचारून काय उपेग, मॅडम? तो काय बोलाचो नाय."

दुसरी अडचण त्या नऊ जणांतच निघाली. नऊच्या नऊ जणांनी पहिल्याच दिवशी होकार दिला. संध्याकाळी अहवालात मी ते आनंदाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एका काकांनी मला ग्रिलपाशी गाठलं. कपडे पिशवीत भरलेले, पिशवीला गाठ मारलेली. "सही केली मी काल. आता गाडी कधी आहे?"

मी त्यांना पुन्हा सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली, पिशवी तशीच धरून ठेवली. मग आम्ही बाकीच्या आठ जणांना एकच गोष्ट विचारली: तुम्ही कशाला हो म्हणालात, ते तुमच्या शब्दांत सांगा. पाच जणांच्या उत्तरात कुठे ना कुठे घर होतं. दोघं म्हणाले, डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून. एकजण म्हणाला, नाही म्हटलं तर इंजेक्शन वाढवतील. गटोपचाराचं नाव एकानेच घेतलं.

आम्ही काम थांबवलं.

कोणते मार्ग समोर होते

थांबल्यावर गटात आठवडाभर वाद झाला.

एक मत असं होतं की नऊ जणांची संमती नीट समजावून पुन्हा घ्यावी आणि अटी न बदलता अभ्यास पूर्ण करावा. या मताच्या बाजूने एक वजनदार मुद्दा होता आणि तो एथिक्स कमिटीतल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी मांडला: ही माणसं आधीच इतकी असहाय आहेत, त्यांच्यावर आणखी संशोधनाचं ओझं कशाला? बंदिस्त जागेत माणसांवर प्रयोग करण्याचा जगाचा इतिहास वाईट आहे, त्यामुळे हा मुद्दा मी आजही हलका मानत नाही. पण अशा संरक्षणाचा परिणाम कुठे जातो तेही बघायला हवं. खलाशावर, कातकरी बाईवर कधीच अभ्यास होत नाही. मग त्यांना जो उपचार मिळतो तो शिकलेल्या, घरदार असलेल्या माणसांवर तपासलेला. तो त्यांना लागू पडला नाही तर केसपेपरवर येतं, 'सहकार्य करत नाही'.

दुसरा मार्ग कायद्यातल्या कलम ९९ चा. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची मुलाखत घ्यायची असो की तिच्यावर मानसोपचार तपासायचा असो, संशोधनासाठी तिची स्वतःची मुक्त आणि समजून दिलेली संमती लागते. ती संमती देण्याच्या स्थितीत नाही, पण विरोधही करत नाही, अशा वेळी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. मग नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात साथ द्यायला नेमलेल्या व्यक्तीच्या, संमतीने पुढे जाता येतं, तेही संमती देऊ शकणाऱ्यांवर तोच अभ्यास करणं शक्य नसेल तरच. प्रतिनिधी नेमलेला नसेल तर नातेवाईक, काळजी घेणारा, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने नेमलेली व्यक्ती अशा पायऱ्या आहेत आणि कुणीच नसेल तर जबाबदारी समाजकल्याण विभागापर्यंत जाते. २२ जणांसाठी हा मार्ग धरावा असं दोघांचं म्हणणं होतं.

तिसरी सूचना होती केसपेपरवरच अभ्यास करण्याची. ओळख गुप्त ठेवली तर कायदा त्याला आडकाठी करत नाही. पण ज्या केसपेपरवर माणसाचं नावसुद्धा खरं नाही, त्यातून काय हाती लागणार होतं?

वाद सुटला तो कलम ४ वाचताना. संमती देण्याची क्षमता कुणाची आहे हे ठरवताना माणसाला माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत, खुणांनी, चित्रांनी दिली पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. निर्णय तो बोलून, हावभावाने किंवा कशाही मार्गाने सांगू शकतो. मग 'बहादूर' असमर्थ आहे हे आम्ही कशावरून म्हणत होतो? त्याला त्याच्या भाषेत एकदाही विचारलं नव्हतं. असमर्थ होतो ते आम्ही. नातेवाइकाच्या सहीची अटही कायद्याची नव्हती. आधीच्या कुठल्यातरी अभ्यासाच्या फॉर्मवरून ती आमच्या फॉर्मवर आली होती आणि ती कुठून आली हे कुणी विचारलं नव्हतं. निरक्षर माणसाच्या बाबतीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निःपक्षपाती, साक्षर साक्षीदारासमोर अंगठा चालतो.

म्हणून आधी प्रत्येकाला त्याच्या भाषेत विचारायचं ठरलं. ज्यांच्यापाशी तरीही पोहोचता येणार नाही, त्यांच्यापुरता प्राधिकरणाचा विचार नंतर करायचा. एथिक्स कमिटीकडे सुधारित प्रस्ताव गेला. मंजुरीला सहा आठवडे लागले आणि ते कारणी लागले.

काय केलं

पहिल्यांदा किल्ल्या परत केल्या. सोय म्हणून केंद्राने आमच्या संशोधन सहायकाला ग्रिलची एक किल्ली दिली होती. ज्याच्या कमरेला किल्ली आहे त्याला नाही म्हणायची छाती बंद वॉर्डातल्या माणसाला होत नाही, हे आमच्या लक्षात यायला इतका वेळ लागला याचं वाईट वाटतं. यानंतर संमतीचं बोलणं करणारी बाई पूर्णपणे बाहेरची होती. तिला ना औषधं बदलण्याचा अधिकार होता, ना ग्रिल उघडण्याचा. तिलाही आत जायला रुग्णांसमोर मामांना हाक मारावी लागायची.

मग चहा. गटाच्या बैठकीत आम्ही चहा-बिस्किटं द्यायचो, वॉर्डात दुपारचा चहा नव्हता. बिस्किटासाठी कुणी संशोधनात येईल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. पण एका मावशींनी सांगितलं, "त्या दोघी तेवढ्यासाठीच येतात हो." चहा बंद करावा की काय यावर बोलणं झालं. शेवटी केंद्राशी ठरवून दुपारी चारचा चहा दोन्ही वॉर्डांत सगळ्यांना सुरू झाला, गटात असो वा नसो. बैठकीची वेळही सकाळची बदलून चहानंतरची केली. सकाळच्या गोळ्यांनंतर निम्म्या लोकांच्या पापण्या जड असायच्या, ते आम्ही 'रस नाही' म्हणून नोंदवत होतो.

संमतीपत्राच्या जागी आम्ही सहा चित्रं केली. त्यांतली दोन सगळ्यात उपयोगी पडली. एकात माणूस गटात बसलाय आणि मागे ग्रिलला कुलूप आहे. दुसऱ्यात तोच माणूस गटात न बसता खाटेवर पडलाय आणि मागे तेच कुलूप. चित्रं शेजारी ठेवून विचारायचं, कुलपात काय फरक दिसतो? काही नाही, असं उत्तर आलं की पुढे जायचं. यानंतर नकाराचा सराव. बाई म्हणायची, "आता मला नाही म्हणून दाखवा." पहिल्यांदा बहुतेक जण हसले. एका तरुणाला ते जमेना. तो पाच-सहा वेळा 'हो' म्हणाला, मग हळूच 'नको' आणि लगेच मामांकडे बघितलं. मामा खिडकीबाहेर बघत उभे होते, तसं आधीच ठरलं होतं. नकार केसपेपरवर लिहायचा नाही, हेही ठरलं होतं.

दुभाषा मिळवताना मात्र आम्ही घसरलो. जवळच्या आंबा बागांत नेपाळी माणसं भरपूर. एका बागायतदाराच्या ओळखीने तिथला मुकादम आला. मराठी उत्तम, माणूस सज्जन. त्याला बघताच 'बहादूर' भिंतीकडे तोंड करून बसला आणि दोन दिवस जेवला नाही. कारण महिन्यांनी कळलं. हा मुकादम त्याच्या ओळखीचा नव्हता, पण खलाशांना आणि राखणदारांना कामावर आणताना उचल देणारी माणसं अशीच असतात, आणि त्याच्या डोक्यावर उचल होती. त्याला वाटलं, वसुलीला आले. भाषा एक असली म्हणजे विश्वास असतो असं आम्ही धरून चाललो. किनाऱ्यावरच्या छोट्या गावात एका भाषेची माणसं एकमेकांची नातेवाईक तरी असतात, नाहीतर देणेकरी.

दुसऱ्यांदा फोनवरून दुभाषी घेतली, दुसऱ्या राज्यात राहणारी, आरोग्यसेवेत काम केलेली नेपाळी बाई. बंद वॉर्डात मोबाइल नेण्याची परवानगी मिळवायला आणखी पंधरा दिवस गेले. पहिल्या फोनवर तिने नाव विचारलं नाही. तुमच्याकडे आत्ता पाऊस आहे का, एवढंच विचारलं. बराच वेळ काही आलं नाही. मग तो बोलला आणि ती म्हणाली, "ही डोटेली वाटते, पश्चिमेकडची बोली. मला सगळं येत नाही, पण कळतंय." सातव्या मिनिटाला त्याने स्वतःचं नाव सांगितलं. ते इथे देता येत नाही. केसपेपरवर आता तेच आहे.

तिच्याकडूनच आमच्या प्रश्नावलीतली एक खोट कळली. नेपाळीत 'मन' आणि 'दिमाग' वेगळे. मनाला दुखणं कुणालाही होतं, ते सांगायला लाज नाही. दिमाग बिघडला म्हणजे वेडा. आमच्या प्रश्नांचा सरळ अनुवाद दिमागाकडे झुकत होता. आपल्याकडेही 'मन लागत नाही' आणि 'डोकं फिरलंय' यांत केवढं अंतर आहे. आम्ही प्रश्न मनाच्या बाजूने पुन्हा लिहिले, मग कातकरी बायकांसाठीही तसेच. त्या मराठी बोलतात असं सगळे गृहीत धरत होते. त्या वॉर्डाशी बोलण्यापुरती मराठी बोलत होत्या, आपसांत कातकरी. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक, पण आमच्या नोंदवहीत भाषेच्या रकान्यात त्यांच्यापुढे 'मराठी' लिहिलेलं होतं, म्हणून त्यांना दुभाषा लागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता गटातलं. कृतीवर आधारलेल्या उपचारात माणसाला आवडीचं काम विचारायचं असतं. खलाशी म्हणाला, जाळं. फाटलेल्या जाळ्याचे आस, म्हणजे डोळे, भरायचे. सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सिस्टरांनी नाही म्हटलं आणि त्यांचं बरोबर होतं. नायलॉनचा दोरा बंद वॉर्डात म्हणजे फास. काही जणांना आधीचा इतिहासही होता. आम्ही दोन बैठका दुसरी कामं सुचवत राहिलो, रंगवणं, कुंड्या, कागदाच्या पिशव्या. तो नम्रपणे बसून राहायचा. मग त्या सिंधुदुर्गाकडच्या मामांनीच तोड काढली. त्यांचं घर मासेमारी करणारं. अंगणात, एका वेळी दोनच माणसं, प्लॅस्टिकची सुई, हातभर लांबीचे मोजून दिलेले दोरे, मोजून परत, आणि स्वतः मामा शेजारी मांडी घालून. जाळंही त्यांनीच घरून आणलं. ते दुरुस्त झाल्यावर वापरायचं की नाही यावर आमच्यात खडाजंगी झाली. कायद्याप्रमाणे केंद्रात रुग्णाकडून काम करून घेतलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. तेव्हा ठरलं की जाळं तिथेच राहील, पुन्हा उसवेल, पुन्हा भरलं जाईल. ते काही फार समाधानकारक नव्हतं. चांगलं भरलेलं जाळं पाण्यात जात नाही हे त्यालाही दिसत होतं.

निष्पत्ती

बदललेल्या पद्धतीने २१ जणांना विचारलं. १३ जणांनी हो म्हटलं, आठ जणांनी नाही. आधी एकही नकार नव्हता, त्यामुळे या अभ्यासातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा आकडा हा आठचा आहे. पिशवी भरणारे काका त्या आठांत होते. त्यांनी चित्रं नीट बघितली, कुलपावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मग मला नको."

१३ पैकी ११ जणांनी आठही बैठका पूर्ण केल्या. उपचाराचा गुण आला का, हे एवढ्या थोड्या माणसांवरून सांगता येत नाही आणि आम्ही तसा दावा केला नाही. मोजमापाबद्दल मात्र दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. स्वास्थ्य मोजायला आम्ही जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची 'डब्ल्यूएचओ-५' ही प्रश्नावली वापरली. तिचा शेवटचा प्रश्न रोजच्या जगण्यात मनाला गुंतवणाऱ्या गोष्टी किती होत्या असा आहे. कुलपाआडचा माणूस त्यावर शून्य सांगतो तेव्हा ते त्याच्या मनाचं मोजमाप असतं की वॉर्डाचं? दुसरी गोष्ट कोकणाच्या पंचांगाची. तीन महिन्यांनंतरची काही मोजणी गणपतीनंतरच्या आठवड्यात आली. गणपतीला घर असलेले रजेवर घरी जातात आणि ज्यांना घर नाही ते रिकाम्या वॉर्डात मागे राहतात. परत आलेले खुलून आले होते, मागे राहिलेल्यांचे आकडे आपटले होते. त्यात आमच्या बैठकांचा वाटा शोधणं व्यर्थ होतं. बाहेरच्या शहरात आखलेल्या वेळापत्रकात हे येत नाही. शिमगा, गणपती, आंब्याचा हंगाम, १ जून, हे आधी कागदावर मांडून मग मोजणीच्या तारखा धरायला हव्या होत्या.

एक कातकरी बाई तीन वेळा 'नाही' म्हणाली. चौथ्या आठवड्यापासून ती गटाच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसायला लागली. तिला सहभागी धरायचं का? आम्ही धरलं नाही, तिची एक ओळही नोंदवली नाही, आणि तिला उठवलंही नाही.

खलाशाचं पुढे असं झालं. पाचव्या बैठकीत त्याने गावाचं नाव सांगितलं, नदीचं सांगितलं, भावाचं सांगितलं. नेपाळात २०१७ साली जुन्या गाव विकास समित्या मोडून ७५३ स्थानिक पालिका केल्या गेल्या, त्यामुळे तो सांगत होता ते नाव नव्या यादीत नव्हतं. केंद्राच्या समाजसेविकेने दुभाषीच्या मदतीने जुन्या नावावरून नवी पालिका शोधली. त्याच्या होकाराने फोन गेला. पावसाळा संपल्यावर भाऊ आला. भावाने आणि त्याने अंगणात बसून डबा खाल्ला, मामा लांबून बघत होते.

आणि तिथेच आमच्या चित्रांवर पाणी पडलं. गटात बसलं म्हणून कुलूप उघडत नाही, असं आम्ही २१ जणांना चित्र दाखवून सांगितलं होतं. वॉर्डाने डोळ्यांनी बघितलं की गटात बसलेला माणूस घरी गेला. दुसऱ्या फेरीसाठी विचारलं तेव्हा पुन्हा सगळ्यांनी होकार दिला. काकांनीसुद्धा.

वेगळं काय करता आलं असतं

गावाचं नाव कळल्यावर आम्ही गप्प बसायला हवं होतं का, यावर गटात फार बोलणं झालं. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. सांगायलाच हवं होतं. चूक आधीची होती. चार वर्षं त्या माणसाला दुभाषी मिळाली नाही आणि मिळाली ती संशोधनाच्या निमित्ताने. आपल्याला समजेल अशा भाषेत बोललं जाणं हा त्याचा उपचारातला हक्क होता, तो आम्ही अभ्यासाच्या दारातून आत आणला. दुभाषी आधी दोन्ही वॉर्डांत सगळ्यांना मिळाली असती, तर त्याचं नाव, गाव, भाऊ सगळं अभ्यासाच्या आधीच सापडलं असतं आणि घरी जाण्याचा गटाशी संबंध कुणी जोडला नसता. कदाचित तो आमच्या अभ्यासात आलाच नसता. ते चाललं असतं.

मुकादमाला बोलावण्याआधी खलाशाला कुणासमोर बोलायचं नाही हे विचारता आलं असतं. फोनवरून, हो-नाहीच्या खुणांनीसुद्धा.

मामा-मावशींना आम्ही उशिरा विचारलं. चहाचं मावशींनी सांगितलं, जाळ्याचं मामांनी सोडवलं. प्रस्ताव लिहिताना दोघांपैकी कुणाशी आम्ही बोललो नव्हतो, आणि मंजुरीच्या कागदांत त्यांचा उल्लेख 'सुरक्षा कर्मचारी' असा होता.

दोघांपाशी आम्ही पोहोचू शकलो नाही. रेघवाली आजी आणि पुरुष वॉर्डातला एक मुका तरुण. चित्रं, खुणा, सगळं झालं, पण हो की नाही हे कळेना. त्यांच्यासाठी प्राधिकरणाकडे जायचं ठरवलं होतं. वेळ आणि पैसे संपले आणि तो अर्ज लिहिला गेला नाही. आमच्या अंतिम यादीतही ते दोघे पुन्हा 'वगळलेले' याच रकान्यात आहेत.

दुसरी फेरी आम्ही सुरू केलेली नाही. सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी चहानंतर दुभाषीचा फोन येतो, नेपाळीसाठी. कातकरीसाठी बायकांच्या वॉर्डात वाडीवरच्या एक आशाताई येतात, त्या कुणाच्या नातेवाईक किंवा देणेकरी नाहीत याची खात्री दोघी बायकांकडूनच करून घेतली. ज्याला बोलायचं तो बोलतो, संमतीपत्र नाही, नोंद नाही. उंबऱ्यावर बसणाऱ्या बाईने परवा आशाताईंना विचारलं की ती चित्रांची वही पुन्हा बघायला मिळेल का. वही तिच्याकडे दिली आहे.